तिरोडी ते बालाघाट: मार्थाताईच्या विटाळाचा प्रवास

सत्तरच्या आसपासची गोष्ट. चर्चमधली मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, लॅटिन सोडून आपल्या भाषेत येऊन थोडीच वर्षं झाली होती. तिरोडीहून निरोप आला की माझ्या थोरल्या बहिणीची, मार्थाताईची, तान्ही मुलगी गेली आणि तेव्हापासून ताई चर्चमध्ये पाऊल टाकत नाही. मी शाळेतून रजा काढली आणि नागपूरहून निघाले.

तुमसर रोडला गाडी बदलायची. तिरोडीची गाडी रमतगमत जाई, त्यामुळे जेवणाचा डबा सोबत हवाच. उतरलं की मँगनीजच्या धुळीनं चपला काळ्या होत. भावजी तिथल्या खाणीत कामाला होते.

रविवारी वस्तीतल्या छोट्या चर्चमध्ये प्रार्थना होती. ताई बाहेर पायरीवरच बसली.

"आत चल ना, ताई."

"मले नाही येता येत, रोझी. पोरगी झाली का विटाळाचे दुप्पट दिवस लागते. बायबलात लिहून आहे, सासूबाई म्हणते. त्यात मीच तिले शेवटची आंघोळ घातली. मेलेल्याले शिवलं का विटाळ."

बायबलातलं लेवीयाचं पुस्तक मी वाचलेलं होतं. मुलगी झाल्यावर दुप्पट दिवस, हे त्यात खरंच आहे. म्हटलं, "बालाघाटच्या फादरना विचारू."

दुसऱ्या दिवशी बस धरली. कटंगी, मग वारासिवनी. या रस्त्यानं गेलात तर पुढं बसा, मागं धूळ फार. दोन्हीकडं धानाची कापणी चालली होती. वारासिवनीला गरम आलुबोंडे घेतले. ताईनं हात लावला नाही. वैनगंगा आली तेव्हा मात्र ती पाण्याकडं बघत राहिली.

फादर म्हातारे, दक्षिणेकडचे, हिंदीतच बोलत; तिरोडीची वस्तीही त्यांच्याचकडे होती. व्हरांड्यात बसवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अशुद्ध का मतलब पापी नहीं, बेटी."

मग सावकाश समजावलं. बायबलातल्या इस्राएली लोकांच्या लेखी रक्त म्हणजे जीव. जन्म आणि मरण यांच्याजवळून आलेल्या माणसानं थांबायचं, अंग धुवायचं, मग देवासमोर यायचं. बाळंत होणं, मयताला माती देणं यात पाप कसलं? ख्रिस्ताच्या आईनं, मारियेनंही, ते दिवस पाळले, गरिबाचं अर्पण म्हणून पाखरं वाहिली. पण तिच्या लेकानं एका मेलेल्या मुलीचा हात हातात घेतला. "वह मैला नहीं हुआ. बच्ची उठ बैठी."

"माही नाही उठली," ताई म्हणाली.

फादर म्हणाले, "हाँ. नहीं उठी. पर तूने भी उसका हाथ पकड़ा था. वह माँ का काम था."

"मंग मी इतके दिवस बाहेर काहून बसली?"

"वह हमारी गलती है. मुझे पहले आना था."

पूर्वी फादर बाळंतिणीला चर्चच्या दारातून आत नेत, तेव्हा उपासनेसाठी गळ्यात घातलेल्या पट्ट्याचं टोक तिच्या हाती देत. आम्ही चर्चच्या दाराशी आल्यावर त्यांनी पट्टा गळ्यात घालून ते टोक पुढं केलं.

ताईनं विचारलं, "हे धरल्याबिगर जाता येते का?"

"हौ," फादर आमच्या बोलीत म्हणाले.

ती एकटीच आत गेली, पहिल्या बाकावर बसली आणि मुलगी गेल्यापासून प्रथमच मोठ्यानं रडली.

तिरोडीला परतल्यावर ताईनं सासूबाईंना सगळं सांगितलं. तांदूळ निवडणारा त्यांचा हात थांबला. "माहे दोन गेले," त्या म्हणाल्या. "मले कोणी असं सांगतलं नाही." ताई त्यांना टेकून बसली.

नागपूरला आले. मी शिकलेली, शिकवणारी. तरी महिन्याच्या त्या दिवसांत मी परमप्रसाद, मिस्सेत फादर देतात ती पवित्र भाकर, घेत नसे. मला कुणी तसं सांगितलंही नव्हतं. त्या रविवारी नेमके तेच दिवस होते. मी रांगेत उभी राहिले.

"ख्रिस्ताचं शरीर," इथले फादर भाकर पुढं करत म्हणाले.

"आमेन," मी म्हटलं, आणि घेतलं.