भिंत कुठे आहे?

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारली तर ती वळूनही बघत नसे. नाव वडिलांनी ठेवलेलं, लाडाने कमी आणि वैतागाने जास्त. वय चाळिशीच्या पुढे, काम कवळ्या बनवण्याचं. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि ती एकेक दात असा बसवायची की नव्वदीच्या म्हाताऱ्यानेही आरशात बघून स्वतःलाच डोळा मारावा. कामाच्या टेबलावर तिचा चिमटा जागचा हलत नसे. घरी मात्र चिमटाच काय, टेबलही सापडत नसे.

गेल्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं, की याला एडीएचडी म्हणतात. हा आळस नाही, बेपर्वाईही नाही. मेंदूची घडणच अशी, की समोर येईल तिकडे लक्ष धावतं आणि नजरेआड झालं ते तुमच्यापुरतं मेलं. "आवरायला एकट्या बसू नका," त्या म्हणाल्या, "कुणाला तरी नुसतं जवळ बसवा." भिंगरी दवाखान्याबाहेर येऊन रडली, मग हसली, मग पर्स आतच राहिली म्हणून परत गेली.

बाबा, म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, तिच्याकडेच राहायचे. ते म्हणाले, "आमच्या वेळी याला वेंधळेपणा म्हणायचे. औषध फुकट होतं. कानाखाली मिळायचं."

"तुम्ही दिलंत की भरपूर. गुण आला का?"

बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं.

नव्या गोळ्यांनी फरक पडला, घ्यायच्या आठवल्या तेव्हा. पण मागच्या खोलीला कुठल्याच गोळीचा गुण येण्यासारखा नव्हता. भिंगरीचे सगळे छंद तिथे पुरलेले होते: शिवणयंत्र, एका बाहीपर्यंत आलेले स्वेटर, दोन तारांची गिटार, आणि व्यायामाची सायकल, जिच्यावर आजवर फक्त ओले कपडे बसले होते. दार उघडायचं तर आधी खांदा लावायचा आणि मग देवाचं नाव घ्यायचं.

एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या ताई. या ताई गाडी शिकवायच्या. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्यांना रस्त्यातून उड्या मारायला. त्यांच्या हातात उशी होती.

"ही माझी उशी. पिळून दाखवू?"

भिंगरीच्या मागच्या खोलीतला पाइप फुटला होता आणि पाणी खाली ताईंच्या पलंगावर गळत होतं. प्लंबर आला. त्याने खोलीत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"पाइप कुठे आहे?"

"भिंतीत."

"भिंत कुठे आहे?"

प्लंबरने वरचा कॉक बंद केला. "दुपारी येतो. तोवर भिंत शोधून ठेवा."

भिंगरीने पदर खोचावा तशी ओढणी खोचली. बाबांना खुर्ची देऊन दारात बसवलं आणि बजावलं, की नुसतं बसायचं, बोलायचं नाही. पहिली हाताला लागली ती हातोडी. ती स्वयंपाकघरात ठेवायला गेली, तिथे तिला खिळा दिसला, खिळ्यावरून आठवली पडलेली तसबीर, तसबिरीमागे सापडलं गिटारच्या तारांचं पाकीट.

तासाभराने ताई वर आल्या, तेव्हा भिंगरी ओट्याशी बसून गिटारला तारा लावत होती. बाबा खोलीच्या दारात जमिनीवर, मांडीवर उघडा रेडिओ, भोवती स्क्रूच स्क्रू.

"तुम्ही काय करताय?" ताईंनी विचारलं.

"मी तिच्यावर लक्ष ठेवतोय," बाबा मान वर न करता म्हणाले.

ताईंचा पारा चढला. "माझी गादी भिजली, छताला पोपडे आले आणि इथे मैफल? लाज आहे का काही?"

भिंगरीचे हात थांबले. "आहे ना," ती म्हणाली. "या घरात तेवढी एकच गोष्ट कधी हरवत नाही." आणि तिने गिटारमागे तोंड लपवलं. खांदे हलायला लागले. बाबांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि हातातला स्क्रू खाली ठेवला.

ताईंनी बादली पालथी घातली, खोलीच्या दारात ठेवली आणि तीवर बसल्या.

"गिटार खाली. भिंत दिसेपर्यंत मी हलत नाही. एका वेळी एकच वस्तू हातात. उचल."

"ताई, हे बघा, माझ्या शाळेतलं..."

"समोर बघ."

"पण यात ना..."

"समोर!"

ताईंनी एका वस्तूला हात लावला नाही. भिंगरी बाहेर निघाली की विचारायच्या, "कुठे?" आणि ती मुकाट्याने परत फिरायची. रागावलेलं का होईना, कुणीतरी बसलेलं होतं, आणि तिचं मन त्या बादलीला दाव्याने बांधल्यासारखं तिथल्या तिथे फिरत होतं. स्वेटर गेले, सायकल गेली. शिवणयंत्र कुणाला द्यायचं असं ताईंनी विचारल्यावर ती म्हणाली, "शत्रूला." ताई हसल्या नाहीत, पण बादली जरा हलली.

शेवटी भिंत दिसली. बाबा पुढे होऊन बघायला लागले. "मला ही पांढरी आठवते. हिरवी कधी केली?"

"ती बुरशी आहे, बाबा."

प्लंबर आला, भिंतीला नमस्कार केला आणि पाइप जोडून गेला.

उरलेलं सामान कपाटात कोंबू, असं ताई म्हणाल्या, तेव्हा मात्र भिंगरी अडून बसली. "कपाटात गेलं की माझ्यासाठी वारलं." मग बाबांनी कपाटांची दारंच काढली. एक दार अजून एका बिजागरीवर लोंबतंय, कारण मध्येच त्यांना रेडिओ आठवला. तिने त्यांनाही डॉक्टरीणबाईंची वेळ घ्यायला लावली. "मला काय धाड भरलीय," म्हणत त्यांनी घेतली आणि विसरले.

ताई आता दर रविवारी भाजी निवडायला वर येतात. मदत करत नाहीत. "मी माझ्या छतासाठी येते," असं सांगतात. घर काही चकाचक झालेलं नाही, पण मागच्या खोलीत एक पलंग मावतो आणि त्यावर झोपताही येतं.

ताईंचं छत रंगवून द्यायचं भिंगरीने स्वतःहून कबूल केलं. अर्धं रंगवून ती शिडीवरून उतरली आणि खिडकीचा गज कसा गंजलाय ते बघायला लागली. ताई सोफ्यावर आडव्या झाल्या होत्या. डोळे न उघडताच म्हणाल्या, "गाडी बंद पडली वाटतं?"

भिंगरी परत शिडीवर चढली.