गाडीखाली मला दिवा कोणी धरला

सुरुवातीलाच सांगतो, या सदरातले अनुभव वाचून "काय काय फेकतात यार लोक" असं म्हणणाऱ्यांतला मी आहे. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. जी गोष्ट दुसऱ्यांदा घडवून दाखवता येत नाही, ती मी धरतच नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण दोन वर्षं पोटात ठेवलंय... आता नाही ठेववत. नावं बदलली आहेत.

2006 चा ऑगस्ट. आम्ही ओहायोत डब्लिनला राहायचो. भाड्याचं टाउनहाऊस, खाली गॅरेज आणि गॅरेजच्या बरोबर वर किचन. अश्विनीला, म्हणजे माझ्या बायकोला, सातवा महिना होता. आणि माझ्याकडे होती 1967 सालची एक लांबलचक, निळी, दोन दारांची गाडी. हौस, दुसरं काय.

अश्विनीच्या आईबाबांना व्हिसा मिळाला नव्हता. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. म्हणून तिच्या मैत्रिणींनी डोहाळजेवण जोरात करायचं ठरवलं. नावेतलं झालं, झोपाळ्यावरचं झालं, बागेतलं झालं, तर आपण गाडीतलं करू. हिरवी साडी नेसून अश्विनी माझ्या त्या निळ्या गाडीत बसणार, गाडी फुलांनी सजवणार, तिथेच ओटी भरणार. कार्यक्रम शनिवारी, माझा मित्र मिलिंद याच्या घरी, वीसेक मैलांवर. तिथवर तिला मी त्याच गाडीतून न्यायचं. कितीतरी दिवसांनी ती हसताना दिसली होती.

आणि गाडी गळत होती. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल असतं. ते थंड व्हायला दोन लोखंडी नळ्यांतून पुढे रेडिएटरकडे जातं आणि परत येतं. मी गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा पसरून ठेवायचो, त्यावर रोज सकाळी लाल डाग. गळत होतं पुढच्या टोकाला, रेडिएटरजवळ, तिथली नळी गंजली होती. खरं म्हणजे अख्खी नळीच बदलायला हवी. मी काय केलं? आपण करतो तेच. गंजलेला तुकडा कापला, मध्ये रबरी पाइप घातला आणि दोन्हीकडून क्लॅम्प आवळायचे ठरवले. मिलिंद नागपूरचा. तो फोनवर म्हणाला, "काही नाही होत बे. आमच्या बाबांची गाडी अशीच दहा वर्षं चालली."

शुक्रवारी हाफ डे घेतला. दुपारचा एक. गाडी स्टँडवर चढवलेली, गॅरेजचं शटर बंद, एसीसाठी. अश्विनी पायरीवर येऊन बसली आणि मी पाठीवर गाडीखाली सरकलो. वायरचा दिवा मी बाहेर तिच्याजवळ ठेवला होता.

"दिवा जरा डावीकडे घे गं," मी म्हणालो. उजेड डावीकडे आला. "अजून थोडा वर." वर आला. मग मी क्लॅम्प आवळत बसलो आणि तोंडाची टकळी चालू. उद्या किती जण येणार, पुरणपोळ्या कोण करतंय, हे आणि ते. ती फारशी बोलत नव्हती, मला वाटलं दमली असेल. एकदा मी काही विचारलं तर नुसतं "हं" आलं.

तेवढ्यात वर किचनमध्ये फोन वाजला. डोक्यावर पावलं ऐकू आली. आणि मग अश्विनीचा आवाज, स्पष्ट, "हो आई... हो, झाली सगळी तयारी."

दिवा माझ्या हातांवर स्थिर होता.

भुताचे पाय उलटे असतात असं लहानपणी ऐकलं होतं. मी मान वळवून गाडीखालून बाहेर बघितलं. चारही बाजूंची फरशी दिसत होती... आणि पायच नव्हते. कोणाचेच नव्हते.

मग तो उजेड आपणहून हलला. सावकाश माझ्या छातीवरून, चेहऱ्यावरून मागे गेला आणि त्याच नळीवर एका ठिकाणी थांबला. पुढच्या पॅसेंजरचे पाय येतात, त्याच्या बरोबर खाली. तिथून ती नळी एक्झॉस्टच्या तापणाऱ्या पाइपच्या अगदी जवळून जाते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग दिवा खण्णकन फरशीवर पडला आणि मी कपाळ फोडून घेत बाहेर आलो. शटर बंद. घरात जायचं दार बंद. गॅरेजमध्ये मी एकटा.

"तुला सांगून आले की मी वर," अश्विनी म्हणाली. "तू आत सरकत होतास तेव्हाच." मी म्हटलं, ऐकलं नसेल मी.

सकाळी मिलिंदला बोलावलं आणि फक्त त्यालाच सगळं सांगितलं. त्याने खाली जाऊन त्या जागेवरून बोट फिरवलं, मीही फिरवलं. कोरडी, गुळगुळीत, गंजाचं नाव नाही. अर्धा तास गाडी फिरवली, पुठ्ठ्यावर एक थेंब नाही. "टेन्शनमध्ये आहेस तू," तो म्हणाला, "वहिनींना ने बिनधास्त."

अश्विनी हिरवी साडी नेसून, हातभर बांगड्या घालून खाली आली. मी तिला म्हणालो, "तू मिलिंदच्या गाडीतून जा. यात एसी नाही, तुला त्रास होईल."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "माझी आई नाही इथे," ती म्हणाली. "एवढी एकच हौस होती रे." मी मान वर केली नाही. ती मिलिंदच्या गाडीत बसून रडत गेली आणि मी मागून एकटा निघालो, कारण सजवायला गाडी तर हवीच होती.

दहा-बारा मैलांवर, फ्रीवेवर, जळका वास आला. मग पायाखालून धूर. मी गाडी कडेला घेऊन बाहेर पडेपर्यंत पॅसेंजरच्या बाजूने ज्वाळा वर आल्या होत्या. ते दार आतून उघडायचं नाही, बाहेरून कोणीतरी उघडावं लागायचं. मी गवतात उभा राहून बघत होतो, आणि त्या सीटवर मला हिरवी साडी दिसत होती.

नंतर मेकॅनिकने दाखवलं. माझा रबरी जोड शाबूत होता. भोक पडलं होतं त्याच जागी, जिथे दिवा थांबला होता. "हे गंजलेलं नाही, घासलेलंही नाही," तो म्हणाला. "तुम्ही इथे ड्रिल वगैरे मारलं होतं का?" तुम्ही विचाराल म्हणून सांगतो, गाडीचा आधीचा मालक मेलेला नाही. मी फोन केला होता, फ्लोरिडात मजेत आहे.

मिलिंद म्हणतो, "कोणीतरी वाचवलं बे तुम्हाला, हात जोड." जोडले असते. पण आदल्या दिवशी दिवा धरणारा तो जो कोणी होता, तो मला भोक पडणार ती जागा दाखवत होता, की ती जागा पसंत करत होता? मला खरंच माहीत नाही.

आणि एक गोष्ट मी वर लिहिली नाही. मुलगी आहे हे आम्हाला कळलं होतं. नाव ठरलं होतं, बारशापर्यंत कुणालाही सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं. त्या दुपारी गाडीखाली पडल्या पडल्या मी ते नाव दोनदा मोठ्याने म्हणालो आणि विचारलं, छान वाटतं ना? ते "हं" त्यालाच आलं होतं. बारशाला मी हट्टाने दुसरंच नाव ठेवायला लावलं. अश्विनी अजून विचारते, का. ते पहिलं नाव मी घरात उच्चारू देत नाही, आणि इथेही लिहिणार नाही.