माणिक पुण्यात शिकतो

मी बाबांचा एकुलता एक मुलगा आहे. निदान संगणकाला विचारेपर्यंत होतो.

चूक माझीच. पुण्याच्या कॉलेजात आमचा प्रोजेक्ट होता: संगणकानं वेबवरची पानं वाचून आपलं आपण ज्ञान मिळवायचं. एखादी गोष्ट तीन पानांवर सापडली की ती खरी मानायची, हा नियम मीच घातला होता (आमच्या गावात एका तोंडून ऐकली तरी पुरते). त्यानं ताजमहालापासून टमाट्यापर्यंत सगळं वाचलं. पण नेरजवळच्या आमच्या गावाचं नाव टाकलं की उत्तर यायचं, ‘माहिती नाही.’ होस्टेलवर ते वाचून इतकं एकटं वाटायचं, की शेवटी गावावर मीच तीन पानं लिहून वेबवर टाकली. त्यांत मायच्या भाकरी होत्या, पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर होतं आणि माणिक होता.

माणिक आमचा बैल. बाबा त्याला थोरला पोरगाच म्हणायचे. पोळ्याला पुरणपोळी आधी त्याला, मग मला. बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि मी पुण्याला गेलो, त्याच वर्षी बाबांनी त्याला फुलसावंगीच्या बैलबाजारात विकलं. तिथून तो पुढे कुठे गेला, कळलंच नाही.

तिन्ही पानांवर मी बाबांचं नाव घालून लिहिलं होतं, ‘माणिक हा नामदेवरावांचा मुलगा.’ शेवटी, ‘नामदेवरावांचा मुलगा पुण्यात शिकतो.’ स्वतःचं नाव घालायची लाज वाटली.

दिवाळीत लॅपटॉप घरी नेला. बाबा हातपाय धुऊन समोर बसले.

“हे सगळं वाचते म्हन्ते?”

“हो बाबा, पण...”

“मंग त्याले इचार, माणिक कुठी हाये?”

“बैलाचं कायले पुसता?” माय चुलीपासून म्हणाली. “पोरगा काहून वाळला, ते पुसा.”

पण बाबांचा आवाज इतका बारीक झाला होता, की मला नाही म्हणवेना. मी विचारलं. यंत्रानं माझी दोन वाक्यं जोडली आणि बेधडक सांगितलं, ‘माणिक पुण्यात शिकतो.’

“अन् याचं काय म्हन्ते?” मायनं माझ्याकडे बोट केलं.

मी माझं नाव टाकलं. ‘माहिती नाही.’

मी चूक समजावत बसलो. बाबा पडद्याकडेच बघत होते. “चांगल्या जागी लागला म्हना,” एवढंच म्हणाले.

आता दर रविवारी त्यांचा फोन येतो.

“माणिक जेवला का?”

“जेवला, बाबा.”

“मन लागते का त्याचं तिथं?”

“नाही लागत.”

“मंग पोळ्याले घरी ये म्हना त्याले. अन् जमलं तं त्या धाकट्यालेही संगं आन म्हना.”