पाठीवरचं बक्कल

आमच्या घराण्यात एक रीत होती. वडीलधाऱ्यांसमोर बापानं स्वतःचं मूल उचलायचं नाही. पुतण्याला घ्या, भाच्याला खांद्यावर बसवून बाजार दाखवा, कुणी हूं की चूं करणार नाही. पण स्वतःचं लेकरू रडून रडून लाल झालं तरी बाप शेजारी बसून सुपारी कातरणार. उचललं तर मोठ्यांसमोर मर्यादा सोडली असं व्हायचं. आई हे मला कौतुकानं सांगायची. "तुझ्या बापानं तुला कधी हातात घेतलं न्हाई. लय मर्यादेचा माणूस." तिला त्यात नवऱ्याचा मोठेपणा दिसायचा. मला ते लहानपणापासून टोचत आलं. मी आठ वर्षांचा असताना आजोबा गेले, पण तोवर माझं उचलून घ्यायचं वय सरलं होतं.

म्हणून मुलगी झाली तेव्हा मी दवाखान्यातच जाहीर केलं की हिला मी सगळ्यांसमोर घेणार, अगदी माझ्या वडिलांसमोर, अण्णांसमोरसुद्धा. बायको हसली. ती नर्स आहे, नव्या बापांच्या असल्या प्रतिज्ञा तिनं खंडीभर ऐकल्या होत्या. "आधी लंगोट बदलायला शिका," म्हणाली.

सहा महिन्यांनी तिची ड्यूटी सुरू झाली, सकाळची. मी शिक्षक, माझी शाळा दुपारची. म्हणजे सकाळ माझी आणि मुलीची. पहिल्या आठवड्यातच कळलं की एका हातात लेकरू धरून दुसऱ्या हातानं दूधसुद्धा तापवता येत नाही. खाली ठेवलं की ती भोकाड पसरायची. मग परभणीच्या बाजारात आम्ही बेबी कॅरिअर घ्यायला गेलो.

दुकानदारानं पहिली काढली तिच्यात बाळाचे पाय पिशवीतल्या शेवग्याच्या शेंगांसारखे खाली लोंबत होते. "सगळे हेच नेतात, साहेब," तो म्हणाला. मी पैसे काढायच्या बेतात होतो. बायकोनं ती परत त्याच्याकडं सरकवली. बैठक रुंद हवी, मांड्यांना आधार हवा, गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर हवेत; हनुवटी छातीला टेकता कामा नये; आणि नुसती मान वाकवली की टाळूचा मुका घेता आला पाहिजे, इतकं लेकरू वर हवं. हे सगळं तिनं दुकानातच मुलीला बसवून, उठवून, पुन्हा बसवून पाहिलं. मला एक निळी आवडली होती. जाड फोमची, चार खिशांची.

"परभणीच्या उन्हाळ्यात हिला उकडून काढायचीय का?" बायको म्हणाली.

शेवटी पातळ सुती कापडाची, पाठीकडून जाळी असलेली घेतली. दुकानदार बेजार झाला होता. "भाभी, तुमच्यावानी अजून दोन गिऱ्हाइकं आली तर मी शटर ओढतो," म्हणाला.

त्या कॅरिअरमध्ये एकच खोट होती, आणि ती माझ्यात होती. दोन्ही खांद्यांवरचे पट्टे पाठीवर, दोन फऱ्यांच्या मधोमध, एका बक्कलानं जोडले जायचे. बायको ते हात मागं नेऊन एका झटक्यात लावायची. माझा हात तिथवर पोचत नसे, ना वरून, ना खालून. मग सकाळी ड्यूटीला जाताना ती माझ्या पाठीमागं उभी राहून बक्कल लावून जायची आणि काढायला शेजारच्या ताईंना हाक मारावी लागायची. एकदा मुलगी अंगावर चढली की मी तिच्या स्वाधीन. पण खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. दहा मिनिटांत तिचं डोकं छातीवर कलायचं आणि तिचा गरम श्वास बनियनमधून लागायचा. तसाच भाजी आणायला जायचो. बायका वळून बघायच्या. माझ्या वयाचे पुरुष मात्र मुद्दाम दुसरीकडं बघायचे.

संक्रांतीनंतरच्या रविवारी बोरीला, आमच्या गावी, मुलीचं बोरन्हाण ठरलं. आई जाऊन पाच वर्षं झाली. घरात अण्णा आणि काका-काकू. सगळा घाट काकूंनी घातला होता. बायकोची ड्यूटी दोनला सुटणार, ती मागून येणार होती. सोहळ्याआधी लेकराची झोप झालेली बरी, म्हणून मी मुलीला घेऊन सकाळच्या जिंतूर गाडीनं पुढं निघालो.

आता कबूल करायला हरकत नाही. दवाखान्यात गर्जना करणाऱ्या मी आदल्या दिवशी काकूंना गुपचूप फोन केला होता. म्हटलं, काकू, तुमी स्टँडवर या, बक्कल काढा आणि पोरीला तुमीच घरी न्या. म्हणजे अण्णांसमोर मी नुसती पिशवी घेऊन शहाण्या मुलासारखा मागून येणार. नातीचा दिवस आहे, उगीच वाद कशाला, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण भीती होती. अण्णांनी तोंड फिरवलं असतं तर ते मला सोसलं नसतं.

गाडीतून उतरलो आणि समोर अण्णा. काकूंचे हात तिळगुळात अडकले होते, म्हणून त्यांनी अण्णांनाच धाडलं. सून सोबत असेल आणि लेकरू तिच्याकडं असेल, असं अण्णांना वाटलेलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग छातीवरच्या मुलीकडं, आणि लगेच नजर रस्त्यापलीकडच्या टपरीवर नेली. तीही रीतच. पोरानं मर्यादा सोडली तर मोठ्यानं न पाहिल्यासारखं करायचं.

मी घाबरून हात पाठीमागं नेला. वरून नेला, खालून नेला. पिशवी खांद्यावरून घसरली. शेवटी म्हणालो, "अण्णा, मागचं बक्कल काढता का जरा?"

ते माझ्या मागं आले. त्यांची राठ बोटं पाठीवर चाचपडताना जाणवली. मग थांबली.

"झोपली हाय का ती?"

"हो."

"मग कशाला उठवायलास?"

बक्कल काढायचं सोडून त्यांनी खांद्यावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली. जुंपलेल्या बैलाला कुठं काचतंय का ते बघतात, तशी. "डावीकडं लय ताणलंय," म्हणाले आणि पट्टा सैल करून दोन्ही बाजू सारख्या केल्या. मग माझी पिशवी उचलली आणि चालायला लागले.

मी मागच्या बोळीकडं वळलो. तिथून घर जवळ, आणि वाटेत माणसं कमी.

"हिकडून कुठं? सरळ चल," अण्णा म्हणाले.

सरळ म्हणजे पारावरून. पारावर त्यांच्याच वयाचे चार-पाच जण उन्हाला बसले होते. त्यातल्या एकानं विचारलंच, "काय वो, पोरानं पोटाला काय बांधून आणलंय?"

"नात हाय माझी."

"अन् बापाम्होरं असं?"

"मीच सांगितलं तसं आण म्हणून," अण्णा थांबले नाहीत. "हात मोकळे ऱ्हातेत."

त्यांनी मला काहीही सांगितलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना चार लोकांत धडधडीत खोटं बोलताना ऐकलं. माझे डोळे भरून आले, आणि मी मुलीचं टोपडं सारखं करायचं निमित्त करून मान खाली घातली.

घराच्या अलीकडं आमचा गोठा आहे. आता तिथं एकच गाय असते. अण्णा तिथं थांबले आणि पिशवी कट्ट्यावर ठेवली.

"तुला मी हितं घ्यायचो," ते गाईकडं बघत म्हणाले. "तुझी आई धार काढायची अन् तू माझ्यापाशी. कुणाची चाहूल लागली की परत तिच्या मांडीवर."

आईनं आयुष्यभर जे कौतुकानं सांगितलं, ते त्यांचं नाव राखायला सांगितलं होतं. आणि पस्तीस वर्षं मी ज्याचा राग धरून बसलो, ते घडलंच नव्हतं.

"मला कधी बोलला न्हाईत ते," मी म्हणालो.

"लाज वाटायची."

"मला घ्यायची?"

"न्हाई रे," अण्णा म्हणाले. "लपून घ्यायची."