बंडी टॉकीजची आग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर त्या संध्याकाळी माझ्यापासून पाच हातांवर बसली होती. तुम्ही म्हणाल, मग आता कायले? मलाही नीट माहीत नाही. लिहायला बसलो तेव्हापासून दोनदा उठून चहा करून आलो.

आधी टॉकीजचं सांगतो. बघा, इथंही टाळतोच आहे.

आणीबाणी उठली त्यानंतरचा हिवाळा. आमच्या अड्याळच्या बाहेर धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये दरवर्षी एक टुरिंग टॉकीज उतरायची. तंबूबिंबू काही नाही. दोन बल्ल्यांना ताणलेला पांढरा पडदा, आणि समोर दूरवर तट्ट्याची केबिन, तिच्यात मशीन. मधे जमिनीवर बसणारे आणि त्यांच्या मागे, केबिनीपर्यंत, बैलबंड्या. लोक बैल सोडायचे, चाकाला बांधून पुढ्यात तनस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, टाकायचे, आणि लेकराबाळांसकट बंडीतच बसून सिनेमा पाहायचे. म्हणून बंडी टॉकीज. पडद्यावर घोडा खिंकाळला की आमचे बैल कान टवकारायचे. काय हसायचो आम्ही!

मशीन चालवायचा तुळशीरामभाऊ. गावचाच, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या, त्यांच्या उजेडावर सिनेमा दिसायचा. कांडी संपत आली की उरलेला लालभडक तुकडा तो चिमट्यानं काढून वाळूच्या डब्यात टाकायचा. नेहमी डब्यातच. मला पक्कं ठाऊक आहे, कारण माझी बंडी केबिनीला लागूनच असायची. ती जागा तोच माझ्यासाठी राखून ठेवायचा.

माझं नवं लग्न झालं होतं. एकोडीहून सासरे आले होते, म्हणून बंडी सजवून त्यांना सिनेमाला नेलं. बायको एका कडेला, सासरे दुसऱ्या कडेला, आणि मला बिडीची तलफ! सासऱ्यासमोर बिडी ओढायची? छे! आमच्यात जीव गेला तरी नाही. मध्यांतर झालं तसा मी लघवीचं निमित्त करून उतरलो आणि बंडी नि केबिनीच्या मधल्या जागेत जाऊन बसलो. तुळशीरामभाऊनं कांडी बदलली, तुकडा डब्यात टाकला — माझ्या डोळ्यांदेखत टाकला — आणि तो चहा प्यायला गेला. मी बिडी पेटवली.

दोन झुरके झाले असतील-नसतील, तोच बंडीला वळसा घालून सासरे समोर उभे. मी बिडी पाठीमागे फेकली. कुठं पडली ते पाहिलंसुद्धा नाही. सासरे धानाबद्दल काही विचारत होते आणि मी तोंडाला वास येऊ नये म्हणून ओठ मिटून हूं-हूं करत होतो. जळती बिडी वाळक्या तनशीत पडलेली, आणि मला काळजी कशाची? वासाची!

मग धूर आला. मला त्याच क्षणी कळलं. तुम्हाला वाटेल, घाबरून भलतंच काही तोंडातून निघालं असेल. नाही. सासरे माझ्याकडे पाहत होते, आणि मी पूर्ण शुद्धीत ओरडलो, "मशिनीची आग! मशीन पेटली!"

रीळ पेटते हे सगळ्यांनी ऐकलेलंच होतं. लोक पळाले, बैलांचे दोर सोडून बंड्या हातांनी ओढून बाहेर काढल्या. सासऱ्यांनी आपल्या पोरीला खाली ओढलं, मीही त्यांच्यामागं पळालो. माझे बैल तिथंच, चाकाला बांधलेले. तुळशीरामभाऊ चहा टाकून धावत आला. मशीन वाचवायला केबिनीत गेला असेल, असं वाटतं ना? तो बैलांकडे गेला. गाठ आवळली होती, दोर पेटला होता. नुसत्या हातांनी त्यानं एक बैल सोडवला. दुसरा गेला. पळापळीत हे माझ्याशिवाय कुणी नीट पाहिलं नाही.

आणि त्याचे ते जळलेले हातच पुरावा झाले! हातात रीळ पेटल्याशिवाय हात असे जळतील का, असं गाव म्हणू लागलं. चहावाला सांगत होता की आग लागली तेव्हा हा माझ्याकडे चहा पीत होता. कोण ऐकतो? मी बोललो असतो तर ऐकलं असतं. मी बोललो नाही.

टॉकीजचा मालक उरलंसुरलं सामान घेऊन गेला, तो परत आलाच नाही. पुढं गावात व्हिडिओ आला नि लोक टॉकीज विसरले. तुळशीरामभाऊला मात्र कुणी पुन्हा मशिनीला हात लावू दिला नाही. तसंही बोटं मिटत नव्हती. राइस मिलवर राखण करायचा.

पण खरं ते पुढंच आहे. इतका वेळ त्याच्याभोवतीच फिरतो आहे.

आगीनंतर पंधरा-वीस दिवसांनी तो माझ्या घरी आला. हातांना पट्ट्या. ओसरीवर बसला, पाणी नको म्हणाला. "मनोहर, तू तं तेथंच होतास गा. खरं सांग. रीळ तं नाही पेटली, पण म्या कांडीचा तुकडा डब्यात टाकला का बाहेर? मले आठवूनच नाही राहिलं."

तो रागावून आला नव्हता. त्याला नुसतं जाणून घ्यायचं होतं. घरात आम्ही दोघेच. सासरे नाहीत, गाव नाही. कुणाची भीती होती मला? कुणाचीच नाही. एक शब्द पुरला असता.

मी म्हणालो, "बाहेर फेकला तुमी, भाऊ."

 तो पट्ट्या बांधलेले हात जोडायला लागला, ते नीट जुळेनात. माझा बैल त्याच्यामुळं गेला म्हणून तो माझी माफी मागत होता. रडत होता.

आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला माफ केलं.