दत्ताचं चौथं कुत्रं

ईश्वरावरची श्रद्धा गमावणं ही माणसाच्या आयुष्यातली सर्वांत गंभीर घटना असते. ती असह्य दुःखातून तरी घडते, नाहीतर दीर्घ चिंतनातून तरी. माझ्या बाबतीत ती मुलुंड पूर्वेला, आमच्या बिल्डिंगच्या प्रवेशद्वाराशी, एका टाइलमुळे घडली. टाइल बारा बाय अठराची होती. कापल्यावर बारा बाय चौदा झाली.

मी देव मानत नाही हे कळलं की आस्तिक लोक आवाज खाली आणून विचारतात, "काय झालं होतं रे तुझ्या आयुष्यात?" त्यांना एखादा अपघात, एखादं अकाली मरण हवं असतं. नास्तिकांना पुस्तकांची नावं हवी असतात. विक्रोळीच्या एका हॉलमध्ये दर महिन्याला जमणाऱ्या विवेकवाद्यांनी मला एकदा बोलायला बोलावलं होतं. तिथे मी टाइलची हकिकत सांगितली. त्यांचे अध्यक्ष म्हणाले, "हे ठीक आहे, पण वैचारिक प्रवास?" मी म्हटलं, प्रवास नाही, तळमजल्यावरच राहतो. त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. पुस्तकं मीही पुष्कळ वाचली होती. वाचल्याने वाद जिंकता येतात एवढंच. ती पुस्तकं वाचत असतानाच्या सगळ्या वर्षांत मी गणपतीत टाळ वाजवत होतो आणि मोदक मोजून खात नव्हतो.

तर टाइल. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी सोसायटीच्या कमिटीवर होतो. आमच्या प्रवेशद्वाराला चार पायऱ्या आहेत आणि त्यांच्या डाव्या बाजूला एक कोपरा. त्या कोपऱ्यात लोक पान खाऊन थुंकत. कोण थुंकतं ते कधीच कळलं नाही. नोटीस लावली तर नोटिशीवर थुंकले. मग मुंबईभर करतात तेच करायचं ठरलं: कोपऱ्यात देवाच्या टाइल्स लावायच्या. सूचना माझी होती. ठराव एकमताने मंजूर झाला. देव थुंकी अडवण्यासाठी आणतोय यात कोणालाही काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

नाहूरच्या बाजूला टाइल्सचं एक दुकान होतं, तिथे मी आणि आई रिक्षाने गेलो. देव तिथे बाथरूमच्या टाइल्सशेजारी रचून ठेवले होते. जिन्याच्या वळणांसाठी आम्ही गणपती, येशू आणि मक्केचं चित्र घेतलं, म्हणजे कोणत्याही धर्माच्या थुंकणाऱ्याची पंचाईत व्हावी. खालच्या कोपऱ्यासाठी मोठी टाइल हवी होती. मोठ्या मापात दत्तच शिल्लक होता: तीन शिरं, सहा हात, मागे गाय, पायाशी चार कुत्री. आईने त्याला उजेडात धरून पाहिलं आणि "चेहरे छान आहेत" म्हणाली. अशी आमच्या दैवताची निवड झाली.

बसवताना मिस्त्रीच्या लक्षात आलं की कोपऱ्यातून पाण्याचा पाइप जातो. त्याने उजवीकडची चार इंचांची पट्टी कटरने कापली आणि टाइल पांढऱ्या सिमेंटने चिकटवली. पट्टीबरोबर एक कुत्रं गेलं. पट्टी वाया जाऊ नये म्हणून आईने घरी आणली. आमचं वॉशिंग मशीन चालताना मोरीभर नाचायचं. तिने ती पट्टी त्याच्या एका पायाखाली सरकवली. मशीन थांबलं. म्हणजे, नाचायचं थांबलं.

खालचं थुंकणंही थांबलं. ते दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर गेलं, कारण तिथे टाइल कमी पडली होती. थुंकणारा श्रद्धाळू होता हे त्यावरून सिद्ध झालं.

यापुढचं मी रोज येता-जाता पाहिलं आहे, त्यामुळे देव कसा तयार होतो याबद्दल मला कोणाकडून ऐकण्याची गरज उरलेली नाही. पहिल्या महिन्यात टाइलसमोर कोणीतरी जास्वंदीचं फूल ठेवलं. मग उदबत्ती. उदबत्तीची राख पडते म्हणून कडप्प्याची फळी. फळी उघडी दिसते म्हणून संगमरवरी कट्टा. कट्ट्यावर मांजर बसतं म्हणून जाळीचं दार. दाराला कुलूप, कुलपाची किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, किल्ली हातात असली की त्यांची पाठ सरळ होते. दर गुरुवारी आरती सुरू झाली. चौथ्या वर्षी देवळाने पायऱ्यांची अर्धी रुंदी व्यापली, तेव्हा लोक पायऱ्या चढताना अंग चोरू लागले आणि त्यालाही नम्रता म्हणू लागले.

सातव्या वर्षी एका गुरुजींनी आरतीनंतर प्रवचन केलं. दत्तासोबत चार कुत्री असतात, ते चार वेद. इथे मात्र तीनच आहेत. का? "कारण," गुरुजी थांबले, "चौथा वेद इथे गुप्त रूपाने आहे. म्हणून हे स्थान जागृत." समोर बसलेल्या बायकांनी हात जोडले. सेक्रेटरींनी डोळे मिटले. मी मागे उभा होतो. चौथा वेद त्या क्षणी चादरी पिळत होता.

मी प्रसाद घेऊन घरी आलो. मला वाटलं, कोणाचं काय बिघडतंय? हे वाक्य मी बरीच वर्षं शहाणपण म्हणून वापरलं.

दोन वर्षांपूर्वी आई मोरीच्या उंबऱ्याशी पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण वय ब्याऐंशी, पाय पुन्हा चालता झाला नाही. व्हीलचेअर आली. घर तळमजल्यावर, त्यामुळे सगळे म्हणाले, नशीबवान आहात. पण घर आणि कंपाउंड यांच्यामध्ये त्या चार पायऱ्या होत्या. कंपाउंडमध्ये औदुंबराखाली एक बाक आहे. संध्याकाळी पाच वाजता बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्या तिथे बसतात आणि सात वाजेपर्यंत बिल्डिंगमधल्या तरुणींची हजेरी घेतात. आई तिथे तीस वर्षं बसत आली होती. तिला आयुष्यात आता एवढंच हवं होतं: पाच ते सात.

सुरुवातीला मी आणि वॉचमन तिला खुर्चीसकट उचलून खाली नेत होतो. चौथ्या दिवशी तिने नकार दिला. "पोत्यासारखी उचलता रे. सगळ्या बघतात." त्यानंतर ती खिडकीशी बसू लागली. बाक खिडकीतून अर्धाच दिसतो.

रॅम्प बांधणं हा एका दिवसाचा मामला होता. पायऱ्यांच्या उजवीकडे जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचं झाकण आहे, तिथे बांधता येत नाही. डावीकडे देऊळ. ते बाजूला घेतलं तर रॅम्प होतो. मी रीतसर अर्ज दिला. कंपाउंडमध्ये सभा भरली, आमच्या खिडकीपासून दहा फुटांवर.

सेक्रेटरी म्हणाले, "आईंबद्दल आम्हाला आदरच आहे. पण देव असा उचलून ठेवायचा का? भावनांचा प्रश्न आहे."

"चार फूट सरकवायचाय," मी म्हटलं. "औदुंबराखाली. दत्ताला औदुंबर चालतो ना?"

"चालतो की नाही हे तू ठरवणार? गुरुजींना विचारलंय मी. प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती हलवता येत नाही."

"प्राणप्रतिष्ठा कोणी केली?"

सेक्रेटरींनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"मिस्त्रीने केली," मी म्हटलं. "पांढऱ्या सिमेंटने. मी बाजूला टॉर्च धरून उभा होतो."

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्या गुरुवारी आरतीचं ताट धरतात, त्या उसळल्या. "जागृत स्थान आहे ते! तीन कुत्री आहेत, बघितलंयस ना?"

"चौथं आमच्या वॉशिंग मशीनखाली आहे, काकू."

मग मी पाइप, कटर आणि पट्टी हे सगळं सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, जुन्या गावठाणातल्या ख्रिश्चन मावशी मदतीला धावल्या: "आमचा येशू हलवा ना हवा तर. त्याला सवय आहे." पण येशू रॅम्पच्या आड येत नव्हता.

सेक्रेटरी उभे राहिले. त्यांनी किल्ली खिशात टाकली. "तू नास्तिक झालायस," ते म्हणाले, आणि ठराव नामंजूर झाला. मतं मोजावी लागली नाहीत.

तोपर्यंत मी स्वतःला तसं काही म्हटलं नव्हतं. घरी येताना पायऱ्यांवर सवयीने टाइलकडे हात गेला, आणि मी तो खाली घेतला. सगळं एवढंच. वीज चमकली नाही, आतून पोकळही वाटलं नाही. देव नाही हे मला बराच काळ माहीत होतं, फक्त त्या दिवशी त्याची बाजू घेणारे लोक जवळून पाहिले. ज्या बायका आईने केलेल्या पुरणपोळ्या वर्षानुवर्षं खात आल्या, त्या तिच्या खिडकीखाली बसून ती आत का बसणार याची शास्त्रीय कारणं ऐकत होत्या. ते गिळायला देव लागतो. देवाशिवाय त्यांना लाज वाटली असती.

आईने खिडकीतून सगळं ऐकलं होतं. ती माझ्यावरच चिडली.

"चारचौघांत देवाला टाइल म्हणालास?"

"टाइलच आहे ती, आई."

"मला नको शिकवूस. निवडली कोणी? मीच ना?" मग म्हणाली, "पण एकदा हात जोडले की मागे कसे घ्यायचे रे?"

माझे हात पायऱ्यांवरच मागे आले होते, पण तिच्यासमोर मी ते सांगितलं नाही.

आठ महिने गेले. ती खिडकीशी बसायची, खाली बसलेल्या बायका तिला ओरडून बातम्या द्यायच्या, ती अर्ध्याच ऐकायची आणि उरलेल्या स्वतःच्या मनाने पूर्ण करायची. पहिल्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न तिने असंच एकदा मोडलं.

मग बिल्डिंगमध्ये पाइपचा गॅस येण्याचं ठरलं. माप घ्यायला एक इंजिनियर आला. त्याने भिंतीवर खडूने रेघ मारली आणि देवळाच्या जाळीवर टिचकी मारली. "पाइप इथून वर जाणार. हे काढायला लागेल."

मी तिथेच होतो. सेक्रेटरी आणि काकूही होत्या.

"काढायचं म्हणजे..." सेक्रेटरी म्हणाले. "किती वेळ लागेल?"

"अर्धा तास."

"आणि नाही काढलं तर?"

"मग तुमच्या विंगला लाइन नाही. पुढची बिल्डिंग घेतो."

काकू म्हणाल्या, "सिलिंडरचं काय ते दर वेळी, नंबर लावा, वाट बघा..." सेक्रेटरींनी बाजूला जाऊन गुरुजींना फोन लावला. परत आले तेव्हा चेहरा उजळला होता. "गुरुजी म्हणाले, दत्त महाराजांचं मूळ स्थान औदुंबरच. त्यांना तिकडे जायचंच होतं. हे निमित्त."

शनिवारी दुपारी छिन्नी-हातोड्याने देऊळ निघालं. अर्धा तासही लागला नाही, पंचवीस मिनिटं लागली. टाइल आश्चर्यकारकरीत्या अखंड निघाली, याचीही लगेच चमत्कारात नोंद झाली. मिस्त्री चांगला होता एवढंच. गुरुवारच्या बायका शनिवारी हजर होत्या आणि एकीच्याही भावना दुखावल्याचं दिसलं नाही. मी त्याच मिस्त्रीला थांबवून घेतलं आणि गॅसचा पाइप वर चढत असताना खाली रॅम्पची वाळू टाकायला लावली. सेक्रेटरींनी पाहिलं. परवानगी द्यावी तर मागचा ठराव आड येतो. शेवटी त्यांनी इतिवृत्तात लिहिलं: "औदुंबरस्थित देवस्थानाकडे जाणाऱ्या भाविकांच्या सोयीसाठी उतार." आमची आई त्या उताराची एकमेव भाविक.

सिमेंट सुकल्यावर पाच वाजता मी तिला खाली नेलं. तिने साडी बदलली होती. रॅम्पवर तिने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती, खाली आल्यावर सोडली. औदुंबराला टेकवलेल्या टाइलसमोर तिने मला थांबायला लावलं आणि हात जोडले.

"बघ," ती म्हणाली, "सरकला की नाही माझ्यासाठी?"

"गॅससाठी सरकला."

"गॅस माझ्याही स्वयंपाकघरात आलाय," आई म्हणाली आणि बाकाकडे बोट दाखवलं. तिथे तिला आठ महिन्यांचं ऐकायचं होतं.

पाचव्या दिवशी रॅम्पच्या कोपऱ्यात पानाची पहिली पिचकारी पडली. ती आईनेच आधी पाहिली, खुर्चीतून नजर बरोबर त्या उंचीवर येते.

त्याच आठवड्यात सेक्रेटरी घरी आले. चहा झाला, गुडघेदुखीची चौकशी झाली. मग आवाज खाली आणून त्यांनी मला विचारलं, "ती पट्टी अजून आहे का रे? गुरुजी म्हणतात, नव्या जागी चौथं कुत्रं लागेल. गुप्त वेद आता प्रकट व्हायची वेळ आलीय."

मी आईकडे पाहिलं. ती औदुंबराखालच्या दत्ताला रोज फूल वाहते, त्यामुळे मला वाटलं, आता पट्टी धुऊन, हळद-कुंकू लावून निघणार.

"नाही देणार," आई म्हणाली. "कुत्रं आहे ते, देव नाही. काढलं तर मशीन परत नाचायला लागेल."

सेक्रेटरी रॅम्पवरून उतरून गेले. दत्ताजवळ आजही तीनच कुत्री आहेत. मशीन हलत नाही.