हनुवटीवरचे तीन ठिपके

आमच्या सासूबाई, वासंतीबाई, जानेवारीच्या उन्हातही गळ्याला स्कार्फ गुंडाळायच्या आणि तोही पार हनुवटीपर्यंत ओढून. हॅमिल्टनच्या हिवाळी धुक्यात ठीक आहे, पण इथे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. मी एकदोनदा बोलून पाहिलं आणि नाद सोडला. हनुवटीवर भाजल्याचा रुपयाएवढा डाग होता, तो झाकायला हा खटाटोप. लहानपणी स्टोव्ह भडकला होता म्हणे. गंधारला, म्हणजे त्यांच्या मुलालाही, एवढंच ठाऊक होतं.

आयुष्यभर नर्सिंग केलेली बाई. घरातसुद्धा कडक इस्त्रीची साडी आणि बोलणं मोजकं. शेजारच्या हुईयाशी मात्र त्यांचं सूत जुळलं. हुईया माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, साठी उलटलेली, निवृत्त शिक्षिका. ती कुंपणावरून बादलीभर फिजोआची आंबटगोड फळं द्यायची, सासूबाई त्याचं लोणचं घालून परत द्यायच्या. एकीचं इंग्रजी वॉर्डातलं, दुसरीचं भरधाव, तरी दोघींच्या गप्पा संपत नसत.

गेल्या वर्षी हुईयाने हनुवटीवर मोको, म्हणजे त्यांच्यातली घराण्याची नक्षी, गोंदवून घ्यायचं ठरवलं. तिच्या पणजीच्या हनुवटीवर तो होता, आजीच्या नव्हता. आजीने शाळेत आपली भाषा बोलल्याबद्दल छड्या खाल्ल्या होत्या. पुढे तिने असलं काहीच आपल्या मुलींना लागू दिलं नाही. तुम्ही दोघी या, असं हुईयाने कुंपणावरूनच सांगितलं.

त्या दिवशी हुईया गादीवर आडवी झाली होती आणि भोवती तिच्या घरच्या बायका गात होत्या. सासूबाई तिचे पाय धरून बसल्या. गोंदणारी बाई हलक्या आवाजात म्हणाली, की मोको बाहेरून येत नाही, तो आत असतोच, मी फक्त वर आणते. ते ऐकलं आणि सासूबाई उठून बाहेर गेल्या. जन्मभर रक्त बघितलेल्या बाईला आज घेरी आली की काय, म्हणून मी चेष्टा करायच्या तयारीनेच मागोमाग गेले. त्या बाकावर बसून स्कार्फ सोडत होत्या.

"वल्लरी, आमच्या घरी स्टोव्ह कधी भडकलाच नव्हता," त्या म्हणाल्या.

मग सगळं सांगितलं. लहानपणी आईने मांडीवर घेऊन त्यांच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके गोंदवून घेतले होते. पुढे मिशनच्या इस्पितळात नर्सिंगला गेल्या, अंगावर पांढरा फ्रॉक आला. मेट्रन आपल्यातलीच, पण असलं जंगली तोंड घेऊन पेशंटसमोर उभी राहू नकोस, असं तिने सगळ्यांदेखत सुनावलं. गोरा साहेब देश सोडून गेल्याला वीस वर्षं होऊन गेली होती, त्याची नजर मात्र इथंच राहिली होती. वासंतीबाईंनी प्रयोगशाळेतलं ॲसिड घेतलं आणि स्वतःच्या हाताने लावलं. सुट्टीत घरी गेल्या तेव्हा आई रागावली नाही.

"ती एवढंच म्हणाली, 'दागिनं हितंच काढून घेत्यात, गोंदण तेवढं संगं येतं. आता वर गेल्यावर मी तुला वळखू कशी?'"

पुढच्याच वर्षी आई गेली.

एरवी माझी जीभ चुरुचुरु चालते, तेव्हा मात्र मी त्यांच्याशेजारी बाकावर जाऊन बसले. कधीच न पाहिलेल्या त्या मेट्रनचा असा संताप आला, की रडू आलं.

सासूबाईंना ते ठिपके परत हवे होते. गंधारने वयाचं आणि डायबेटिसचं कारण काढलं, पण डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. त्याच गोंदणाऱ्या बाईकडे गेलो. ठिपके कोणी दिले होते, हे तिने आधी विचारून घेतलं. आमचं नक्षीकाम तुम्हाला घालणार नाही, तुमच्या आईचे ठिपके मात्र घालीन, असं तिने स्पष्ट सांगितलं. डागावर शाई नीट धरणार नव्हती, तेव्हा शेजारच्या चांगल्या कातडीवर घालावे लागले. या वेळी पाय धरायला हुईया बसली.

परतताना गाडीत मी सारखी त्यांच्याकडे बघत होते. एकेक ठिपका ठसठशीत उठला होता. पण जित्याची खोड, राहवेना, आणि मी बोलूनच गेले, की आई, जागा जरा बाजूलाच गेली ना.

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "माझी आई जवळ घेऊनच बघेल."